दोन वर्षांचा मोठेपणा

॥ श्री ॥

कळसाडी, ता. शहादा
८ जानेवारी २०२६

चि. सौ. स्वप्नाली हीस,
तुझ्या फुईचे, नाशिककरांच्या भाषेत आत्याचे, भरभरून आशीर्वाद. योगेंद्ररावांनाही सांगावेत. त्यांनी वजन कमी केलं म्हणतात, ते इकडे येऊन पुन्हा वाढवावं.

वि. वि. पत्र बघून दचकू नकोस. फोन आहे, रेंजही आहे. पण तुझ्या फुवांचे कान आता नावापुरते उरलेत. आमच्या लखननं कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात डबीत पडून आहे. त्यामुळे घरातला फोन कायम स्पीकरवर, आणि तो वाजला की समोरची रंजनाबाई भाजी चिरता चिरता थांबते. मागे तू तुमच्या भांडणाचं सांगितलंस, तर दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला विचारलं की जावई बोलायला लागले का. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानंच पाठव आणि पाकिटावर माझंच नाव घाल, म्हणजे पोस्टमन चुनीलाल माझ्या हातात देईल.

कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. ऊस तुटून गेला. तुझ्या बापाला प्रकाशा गावाहून केळी पाठवायला सांगितली होती, ती अजून वाटेतच पिकत असतील.

आता कामाचं. दिवाळीपासून मला उजव्या बरगडीखाली दुखतं. भजी खाल्ली की जास्त, आणि भजी मी सोडत नाही हे तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात बाजाराच्या निमित्तानं शहाद्याला जाऊन सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले की तीन-चार महिन्यांत ऑपरेशन करून टाका, खडा नळीत सरकला तर फार हाल होतील. फुवांना मी नुसतं पित्त झालंय म्हणून सांगितलं, आणि तसं ते खोटंही नाही.

लखनच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं होतो. त्यानं दसऱ्याला नोकरी बदलली. नव्या कंपनीत बायको-मुलं बसतात, आईबाप बसत नाहीत. वडोदऱ्यात त्याचं घर नुकतं लागलंय, त्याला मी काही सांगणार नाही. तू दवाखान्यात विम्याच्याच टेबलावर बसतेस. माझ्यासाठी एखादा विमा बघ. आणि फॉर्मवर खड्याचं लिहू नकोस. तो आत आहे, कुणाला दिसतो?

लोभ आहेच, तो या कामासाठी थोडा वाढवावा.

तुझी,
सरला फुई

॥ श्री ॥

नाशिक
१७ जानेवारी २०२६

ती. सौ. फुईस,
स्वप्नालीचा शि. सा. न.

वि. वि. पाकिटावर तुझं नाव ठळक घातलंय. रंजनाबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांना आमचा समेट झाल्याचंही सांगून टाक.

पहिलं म्हणजे खडा लपवायचं मनातून काढ. माझ्या टेबलावर रोज असे लोक येतात. फॉर्मवर गप्प राहतात, आणि ऑपरेशनच्या वेळी जुनी सोनोग्राफी बाहेर पडते. मग कंपनी पैसे देत नाही, आणि माणूस माझ्यावर चिडतो. इथे खोटं बोलून ज्याचं भलं झालं असा एकही मी पाहिलेला नाही.

तुझ्यासाठी पाच ठिकाणी विचारलं. दोघांनी वय ऐकून नाही म्हटलं. तिघं तयार आहेत, पण ते म्हणतात की आधीपासून असलेल्या आजाराला दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. खडा काही त्यांचा नियम वाचून थांबणार नाही. हप्ता किती ते लिहीत नाही, तुला तिथल्या तिथे दुखायला लागेल.

आता यातली गंमत ऐक. सरकारचं एक कार्ड आहे, सत्तरीपुढच्यांसाठी. श्रीमंत-गरीब बघत नाहीत, तपासणी नाही, थांबायचं नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. फक्त आधारवर सत्तर पूर्ण हवीत. मी लगेच तुझ्या आधारचा फोटो उघडून बघितला. १ जानेवारी १९६०. म्हणजे सहासष्ट. चार वर्षांनी हुकलीस गं फुई! एरवी बायका वय कमी असल्याचा आनंद मानतात, मी तुझ्यासाठी हळहळत बसले.

पण एक शंका येते. १ जानेवारी ही तारीख साल माहीत असलं आणि दिवस माहीत नसला की टाकतात. तू खरंच १९६० ची आहेस का? आजी म्हणायची की तू पप्पांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आणि पप्पांचा जन्म तर १९६५ चा. नीट आठवून लिही.

भजी बंद. माया चालू ठेव.

तुझी,
स्वप्नाली

॥ श्री ॥

कळसाडी
२६ जानेवारी २०२६

चि. सौ. स्वप्नालीस आशीर्वाद.

वि. वि. तू विम्याच्या टेबलावर बसतेस की पोलीस चौकीत? आता विचारलंसच तर सांगते. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

चार दिवसांपूर्वी मला सत्तर पूर्ण झाली.

मी १९५६ ची. प्रकाशाला गौतमेश्वराच्या देवळावर सिंहस्थाचा ध्वज लागला होता, त्या सालच्या संक्रांतीनंतर आठ दिवसांनी माझा जन्म. दर वर्षी त्या दिवशी मी शिरा करते. कशाचा, ते कुणाला सांगत नाही. फुवा बिचारे दोनदा वाढून घेतात.

झालं असं की आमचे वडील, तुझे पितांबर आजोबा, लवकर गेले. घर सावरता सावरता माझं लग्न लांबलं. तेवीस पूर्ण झाली तेव्हा कळसाडीचं हे स्थळ आलं. मुलगा एकवीसचा. तेव्हा लोक म्हणायचे की बायको मोठी असली तर नवऱ्याचं आयुष्य घटतं. आईनं एका दमात माझी चार वर्षं कमी करून टाकली, एकोणीसची सांगितली, आणि मला शपथ घातली. सासरी आल्यावर रेशनकार्डावर तेच साल चढलं, पुढे आधारवर तेच.

म्हणजे मी तुझ्या फुवांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, आणि त्यांना ते ठाऊक नाही. आमच्याकडे कुठलाही वाद झाला, बैल विकायचा असो की लखनला सायन्सला घालायचं असो, फुवांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, माझं ऐक. सत्तेचाळीस वर्षं मी हे ऐकून गप्प बसते. मनात हसू येतं, पण गप्प बसते. त्यांच्या हातात तेवढंच तर आहे! बाकी सगळा हिशोब, सगळं डोकं माझंच चालतं, हे त्यांनाही कळतं.

आता आधार बदलायला गेले की ते बरोबर येणार. मग मी काय सांगू? लग्नाच्या पहिल्याच दिवशी तुम्हाला फसवलं म्हणून? या माणसानं माझ्यावर कधी संशय घेतलेला नाही गं. त्यांचं मन माझ्यावरून उडालं तर मला खड्याहून जास्त दुखेल. मला भीती वाटते, साधी सरळ भीती वाटते.

म्हणून राहू दे. चार वर्षं पथ्य पाळीन, मग कार्ड आपोआप निघेल. काल मूग डाळ खाल्ली, तरी कळ आलीच.

ही गोष्ट पोटात ठेवशील हा भरवसा आहे.

तुझी,
फुई

॥ श्री गौतमेश्वर प्रसन्न ॥

प्रकाशा
१२ फेब्रुवारी २०२६

ती. सरूताईस,
धाकटा भाऊ हेमकांत याचा सा. न. वि. वि.

इकडील सर्व कुशल. चि. स्वप्नालीने फोनवर एवढंच सांगितलं की फुईच्या जन्माची सरकारी नोंद लवकर शोधून काढा, तिच्या दवाखान्याच्या कामाला लागेल. त्याप्रमाणे शहाद्याला कचेरीत चार खेटे घातले. जुन्या जन्ममृत्यूच्या बुकात तुझं नाव कुठेच नाही, कारण त्या काळी नाव लिहायची पद्धतच नव्हती. परंतु २२ जानेवारी १९५६ च्या पुढे "मुलगी, बाप पितांबर, सुईण भिकुबाई" अशी स्वच्छ नोंद आहे. कारकून म्हणाला की ही मुलगी तीच कशावरून. मी सांगितलं की आमच्या वडिलांना मुलगी एकच झाली आणि ती एकच पुरेशी होती. तो हसला आणि कामाला लागला. नाव घालून रीतसर दाखला मिळाला आहे. बुकाची नक्कलही सोबत जोडली आहे.

महत्त्वाचा कागद म्हणून रजिस्टर टपालाने पाठवतो आहे. स्वप्नालीने पाकिटावर तुझं नाव घालायला सांगितलं होतं, परंतु बहिणीच्या सासरी पत्र धाडायचं तर वर पाहुण्यांचंच नाव असावं अशी आपल्या वडिलांची शिस्त, ती मला मोडवली नाही. तेव्हा श्री. रतिलालभाऊंच्या नावे केलं आहे. ते तुला देतीलच.

केळी पाठवली होती ती पोचली का? पाहुण्यांस माझा नमस्कार सांगून लोभ राखून असावे.

आपला,
हेमकांत

कळसाडी
१८ फेब्रुवारी २०२६

चि. स्वप्नाली,

पोस्टकार्डावर लिहितेय, चुनीलालनं वाचलं तरी आता फरक पडत नाही. परवा तुझ्या बापाच्या अक्षरातलं रजिस्टर आलं, आत शिक्क्याचा कागद दिसला, माझ्या जन्माचाच असणार. त्यानं फुवांच्या हातात दिलं, सही घेतली. फुवांनी ओट्यावर बसून फोडलं, वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि चहा मागितला. काल सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शहाद्याला गेले. विचारलं तर खत बघायला म्हणाले. इस्त्रीच्या शर्टात? आजही गेले. तुझ्या बापाची शिस्त आणि तुझी हुशारी, दोन्हींना नमस्कार. मला जेवण जात नाही. लवकर लिही.

फुई

॥ श्री ॥

कळसाडी
२० फेब्रुवारी २०२६

चि. स्वप्नालीस रतिलाल फुवाचा आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही. लग्नानंतर हे चौथं. फोनवर बोललो असतो, पण आमचा फोन म्हणजे गावची दवंडी.

हेमकांतचं पाकीट मला मिळालं. आत तुझ्या फुईच्या जन्माचा दाखला आहे. हेमकांतच्या पत्रात दवाखान्याचं लिहिलंय. फुई मला नुसतं पित्त म्हणते. सोनोग्राफीची फाईल तिनं कपाटात माझ्या कानाच्या मशीनच्या डबीखाली ठेवली आहे. तिला वाटतं ती डबी मी कधी उघडत नाही. मी महिन्याभरापूर्वीच बघितली. तेव्हापासून मला झोप नाही. मी जमिनीचा तुकडा विकायचं मनात घेतलं होतं.

दोन दिवस शहाद्याला जाऊन आधारच्या मुलीला विचारलं. मशीन कानात घालून गेलो होतो. ती म्हणाली की दाखला चांगला आहे, पण बोटांचे ठसे द्यायला बाईंना स्वतः यावं लागेल. तिथं माझं अडलं.

तुला खरं सांगतो. फुई मोठी आहे हे मला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रकाशाला सिंहस्थाचा ध्वज लागला, तेव्हा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की आमची सरला मागच्या नाही, त्याच्याही मागच्या ध्वजाची. ध्वज बारा वर्षांनी लागतो. दोन ध्वज म्हणजे चोवीस. मी बावीसचा. तेव्हा माझे कान शाबूत होते.

दोन दिवस राग होता. मग पर्वणीच्या गर्दीत शिरलो तर तिनं माझा हात धरला आणि वाट काढत पुढे चालली. मोठ्या माणसानं धरावा तसा धरला होता. मला बरं वाटलं. तेव्हाच ठरवलं की हे कधी बोलायचं नाही.

मी दोन वर्षांनी मोठा असं म्हटलं की ती गप्प बसते आणि तोंड फिरवून हसते. ते हसू बघायला मी सत्तेचाळीस वर्षं मोठा होत आलो. तिला वाटतं मला दिसत नाही. माझे कान गेलेत, डोळे नाही. संक्रांतीनंतरचा शिराही मी म्हणूनच दोनदा मागतो.

आता दाखला पुढे केला तर तिला कळेल की मला माहीत होतं. मग ती म्हणेल की इतकी वर्षं माझी गंमत बघत होतात. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. पण खडा थांबणार नाही. मला तिच्याशिवाय पाण्याची मोटरसुद्धा लावता येत नाही. काय करू ते कळव. तुझी अक्कल या घरातल्या दोन्ही माणसांपेक्षा जास्त आहे, तिचा उपयोग कर.

रतिलाल

नाशिक
२६ फेब्रुवारी २०२६

ती. फुई आणि ती. फुवा, दोघांना मिळून एकच सा. न.

पाकिटावर दोघांची नावं घातली आहेत, चुनीलालला कुणाच्या हातात द्यायचं ते ठरवू दे.

माझ्या टेबलावर एक नियम आहे. एकाच घरातून दोन अर्ज आले आणि दोन्ही एकमेकांविषयी असले की मी ते एकाच फायलीत लावते. सोबत फुईचं २६ जानेवारीचं पत्र आहे, ते फुवांनी वाचावं. फुवांचं २० फेब्रुवारीचं आहे, ते फुईनं वाचावं. फुई, तू फाडायला सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. पोटात ठेवायचा भरवसाही मोडला. त्यासाठी मला काय बोलायचं ते बोल, पण ऑपरेशन झाल्यावर. तुमच्या दोघांचं मौन वाचून मी तीन दिवस रडत आणि हसत होते. योगेंद्रनं शेवटी भजी करून घातली.

वाचून झालं की शहाद्याची बस पकडा. आधार दुरुस्त झालं की मला कळवा, कार्ड मी इथून काढून देते.

माझ्यावर रागवायचं तर दोघांनी मिळून रागवा, वेगवेगळी पत्रं नकोत.

तुमची आगाऊ,
स्वप्नाली

॥ श्री ॥

कळसाडी
१२ एप्रिल २०२६

चि. सौ. स्वप्नालीस आणि योगेंद्ररावांना अनेक आशीर्वाद.

वि. वि. रागवायचं ठरवलं होतं, पण वेळच मिळाला नाही. खडा निघाला. पोटावर चार बारीक टाके आहेत, दुखत नाही. डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दिले होते. फुवांनी ते रंजनाबाईला दाखवले, म्हणजे आता गावानं पाहिले.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी आम्ही ओट्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांची पत्रं वाचली. मग फुवा उठून आत गेले, आणि मला वाटलं संपलं सगळं. थोड्या वेळानं रव्याचा डबा घेऊन बाहेर आले. म्हणाले की यंदाचा शिरा चोरून झाला, आज उघड कर. मी रडले गं. सत्तेचाळीस वर्षांचं एकदम रडले. त्यांनी मशीन कानातून काढून ठेवलं आणि मला पोटभर रडू दिलं. माझी आई वर बघत असेल तर तिला सांगावंसं वाटतं की शपथ सुटली, आणि माणूस शाबूत आहे.

आता नंदुरबारच्या दवाखान्यातलं ऐक. भरती करताना खिडकीतल्या मुलीनं वय विचारलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून सहासष्टच गेलं. ती थांबली. म्हणाली की आजी, कार्डावर वेगळं आहे, एकच काहीतरी सांगा. मी घाबरले. मागे बाकावर फुवा बसले होते. तिथून उठून, सगळी रांग वळून बघेल अशा आवाजात ओरडले की सत्तर लिख, बेटा, सत्तर! मन्हापेक्षा दोन वरीस मोठी शे ती! अख्खी रांग हसली, मुलगी हसली, आणि शिक्का बसला. जी गोष्ट मी फोनवर कुजबुजायला घाबरत होते, ती त्यांनी दवाखान्यात पुकारून टाकली. मला वाटलं कान नाहीत म्हणून माणूस ओरडतो. वळून बघितलं तर मशीन कानात होतं.

सगळं कार्डावर झालं, जमीन जिथल्या तिथे आहे. लखनला सगळं झाल्यावर कळवलं. तो चिडला, मग सुट्टी काढून आला. फुवांना सत्तर व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर आजारी पडायचं नाही असं मी मोठेपणानं बजावलं आहे. सिंहस्थाचा ध्वज लागला की प्रकाशाला जाऊ, तूही ये. हात कुणी धरायचा ते आता ठरलेलं आहे.

एक सांगायचं राहिलं. काल पाण्याच्या मोटरवरून आमचं चांगलंच वाजलं. ते म्हणाले आत्ता लावायची, मी म्हटलं लाईट अजून मंद आहे, थांबा. आवाज चढला. सवयीनं ते म्हणाले की मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी, आणि तिथेच अडकले. मी कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिले. त्यांनी डोकं खाजवलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मग म्हणाले की दोन वर्षांनी लहान आहे, लहानाचं ऐकावं माणसानं.

मी मोटर लावून दिली. मी तोंड फिरवलं नाही, समोरच हसले.

अशीच आगाऊ राहा आणि या दोन म्हाताऱ्यांवर माया असू दे.

तुझी,
सरला फुई
(वय वर्षे सत्तर)